पोटखराबा

साखळी मी धरली होती तेव्हा.
सोळा वर्षांचा होतो, दिवसाला दीड रुपया.
मोजणीदार करवंदीच्या सावलीतून विचारी,
"इथे काय पिकतं रे?"
म्हटलं, कातळावर काय पिकणार साहेब.
त्यांनी टाक बुडवला आणि लिहिलं: पोटखराबा.
सबंध सडा, एका शब्दात.

आज शाळेच्या पटांगणात मंडप आहे.
खुर्च्यांना पांढरे झगे, टेबलावर सीलबंद पाणी,
नकाशा एवढा की धरायला दोन शिपाई.
सडा त्यात गुलाबी आहे.
गुलाबी म्हणजे रिकामा, असं कोपऱ्यात बारीक अक्षरात.
अहवाल सहाशे पानांचा, इंग्रजीत.
आमच्यासाठी मराठीत अकरा.
बोलायला माणशी तीन मिनिटं.

जैतून होडेकर उठली.
कुठल्या खडकावरची कालवं कधी काढायची ते तिला ठाऊक,
माइक कुठून धरायचा ते नाही.
"तुमचा पाइप दर्यात चार मैल जाणार. बरं.
दुपारचा खारा वारा, वर उधाणाची भरती,
तेव्हा माघारी यायचं नाही
हे त्या घाणीला कोणी सांगितलंय?"
साहेबांनी टिपून घेतलं.
काय टिपलं ते दिसलं नाही.

सुभाना गोताडच्या पोराने विचारलं, नोकऱ्या किती?
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.
माझा नातू गुजरातेत अशाच एका कारखान्यात आहे.
रविवारी फोन करतो, खोकतो,
म्हणतो, पगार वेळेवर होतो.

निम्मा सडा आता अशा नावांवर आहे
जी आमच्या जिभेवर बसत नाहीत.
प्रकल्प जाहीर व्हायच्या दीड वर्ष आधीची खरेदी.
त्यांना कसं कळलं, हे विचारायचं ठरलं होतं,
पण ती मिनिटं सत्कारात गेली.

सीताबाय आग्रेने अकरा पानं उलटीसुलटी पाहिली.
"आमच्या इहिरीचा झरा ह्यात कुठं हाय?"
मावशी, सड्यावर पाणी नाही. सर्वेक्षण झालंय.
"कवा?"
मे महिन्यात.
मंडप हसला, साहेबही थोडे हसले.

मला सांगायचं होतं की
चार महिने तो कातळ नुसता पितो
आणि चैत्रापर्यंत सुटे पैसे द्यावेत तसं देत राहतो.
भादव्यात गुडघ्याखाली सगळं निळं-पिवळं होतं, गुरं दिसत नाहीत, घंटा ऐकू येतात.
आणि एक मासा आहे, दगडात कोरलेला, बैलगाडीएवढा.
कोणी कोरला ठाऊक नाही.
त्याच्या पोटात पाणी साचतं, कडेला टिटवी अंडी घालते.
त्या दिवशी साखळी मी त्याच्या शेपटीवरून ओढत नेली,
एवढंही सांगितलं नाही कोणाला.

माइकपाशी गेलो तर एवढंच निघालं:
नोंद चुकली आहे. चूक माझी. माझं नाव लिहा.
"हरकत लेखी द्या, काका."

मंडपवाले खुर्च्यांचे झगे काढू लागलेत.
मी अजून बसून आहे, "विषय:" एवढं लिहून.
तो शब्द खोडला तर त्या जागी काय लिहायचं?
सीताबाय म्हणाली, तू लिव रे सावकाश,
आणि शाईच्या डबीत बोट बुडवून
कोऱ्या कागदाच्या तळाशी
आंगठा आधीच उठवून मोकळी झाली.