आधी खांदा

सातेरीचा 'क' पाटीवर उभाच राहत नव्हता.
पोट एकीकडे, दांडी भलतीकडे,
आणि पेन्सिल अशी गच्च धरलेली
की नखं पांढरीफटक.
दिवसाला तीन टोकं मोडायची.

जूनच्या शेवटी मी वह्याच कपाटात टाकल्या.
अक्षर बोटांत नसतं पोरांनो,
ते खांद्यातून निघतं,
कोपरापाशी जरा टेकतं,
मनगटात वळतं.
बोटांनी फक्त निरोप पोचवायचा.

मग आम्ही भिंत ढकलली.
तळवे टेकून, रोज दहा वेळा.
भिंत हलली नाही.
लुमाण्णा म्हणतो, थोडी हलली.
व्हरांड्यात खेकडे झालो, पोटं छपराकडं,
हेडमास्तर दारात थबकले
आणि वाट देऊन बाजूला झाले.
हवेत आडवा आठ काढला, निजलेला,
मलप्रभेच्या पुलाएवढा,
मग ताटाएवढा,
मग सदऱ्याच्या बटणाएवढा.

कौलांच्या भट्टीवरनं माती आली, घमेलंभर.
मळा, पिळा, चिमटीनं तोडा.
आणि चिंचोके.
अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट,
या तिघांनी उचलून डब्यात टाकायचे.
उरलेल्या दोघांनी मुठीत एक निजवायचा,
त्याला जाग येऊ द्यायची नाही.
सातेरीचा आठवडाभर सारखा जागा व्हायचा.

तिची आई आली, भट्टीवरनं तशीच,
कोपरापर्यंत तांबडी.
"बाई, पोरगी लिवत न्हाई,
भिंत ढकलायलीय म्हणं.
त्याला शाळा कशाला?
आमच्याकडं कामाला लावतो की तिला."
मी काही बोलले नाही, चिंचोक्यांचा डबा पुढं सरकवला.
तिनं उभ्याउभ्या पंधरा उचलले,
मुठीतला झोपलेला.
"ह्येच व्हय? ह्ये तर मी शेंगा फोडताना करतो."
मग आपल्याच हाताकडं
जरा वेळ बघत राहिली.
सही अंगठ्यानंच केली.

तिसरा तास कन्नडचा.
होसमनी अक्कोरू विचारतात,
काय घालता हो पोरांना खायला?
माझी अक्षरं गोल यायला लागलीत.
मराठीला डोक्यावर आडवा वासा लागतो,
कन्नडला नुसता तुरा.
पोरं वासाही टाकतात, तुराही खोवतात,
कधी चुकून कन्नडच्या डोक्यावर वासा ठेवतात,
तेव्हा आम्ही दोघी हसतो
आणि खोडरबर एकच वापरतो.

दसऱ्यानंतर वह्या बाहेर काढल्या.
सातेरीचा 'क' अजून कलतो,
थोडासा, भट्टीच्या बाजूला.
पण परवापासून टोक मोडलेलं नाही.
लिहिताना अडली की उठते,
कुणाला न विचारता भिंतीशी जाते,
दोनदा ढकलते, येऊन बसते.

चिंचोका शाळा सुटताना परत देते.
कोमट असतो.