करंगळी

दौलतगंजात आता केशर कुलपात असतं.
हिंगाच्या डब्या, ब्लेडची पाकिटं, पेन्सिल सेल,
जे मुठीत मावतं ते जातं.
तेलाचा डबा अजून कुणी नेला नाही.

डिसेंबरात जास्त. अंगावर शाली असतात,
आणि धुकं दुकानाच्या पायरीवर येऊन बसतं.

मोटवानीच्या गोदामात बैठक झाली,
गजकाच्या खोक्यांवर बसून.
बन्सल म्हणाला, चोरांचे फोटो लावू चौकात, मोठे.
हवालदार भदौरियांनी शिट्ट्या वाटल्या:
एकानं वाजवली की सगळ्यांनी शटर ओढायचं.
मी म्हणालो, बघू.
माझी शिट्टी नात घेऊन पळाली.

मग कॅमेरा. चार हजार दोनशे, बसवण्यासकट.

पहिल्या रात्री जेवणं आटोपून आम्ही दोघं बघत बसलो.
शैलजाच्या हातात विणकाम.
अडीच वाजता झोळीवाली पोर येते.
तिच्या हातांवरून माझी नजर हलत नाही,
ते पडद्यावर फारच स्वच्छ दिसतं.
ती पाच रुपयांची हळद घेते, सुटे मोजून देते, उतरते.
मी अजून तिच्या पाठीकडेच बघतोय.
आणि इकडे खासगीवाले बाई,
कन्याशाळेत बत्तीस वर्षं भूगोल,
वेलचीची पुडी उचलतात, वास घेतात,
आणि पुडी शालीतच राहते.
घाई नाही. चष्मा ठेवावा तशी.

सुया थांबल्या.
"आता कुणी नसतं त्यांच्याकडे," शैलजा म्हणाली.
मग म्हणाली, "जरा मागे घे."
मला वाटलं, बाईंनाच पुन्हा बघायचंय.
तिनं पडद्यावर बोट ठेवलं,
बाईंच्या बरंच अलीकडे:
काट्याच्या ताटलीवर टेकलेली माझी करंगळी.
बदाम, पाव किलो. बाईंचेच.

"सवय आहे," मी म्हणालो, "बाबांच्या तागडीपासूनची."
ती टाके मोजू लागली. कुठेतरी चुकली असावी,
पुन्हा पहिल्यापासून मोजले.

सकाळी स्टुलावर चढून कॅमेरा बोटभर वळवला.
आता त्यात दार दिसतं, चौक, थोडं धुकं.
बन्सलनं विचारलं, काही सापडलं?
म्हटलं, भाईसाब, नवीन आहे, शिकतोय अजून.

मंगळवारी बाई आल्या. बदाम, पाव किलो.
एक हात खिशात ठेवून तोलले.
"वेलची हलवलीत का हो?"
"नाही बाई, तिथंच आहे,"
म्हणालो,
आणि पाठ फिरवून
सुतळी शोधत राहिलो.