पंचवीस ते तीस

तिला आणली माझ्या जेवणाच्या सुट्टीत.
निपाणीहून. तवंदीच्या घाटात ओकली म्हणे दोनदा.
उजवा हात पोटावर ठेवलेला,
दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा.

नाव विचारलं. म्हणाली, पंचवीस.
कुठं दुखतंय? पंचवीस.
सून ओशाळली. "पहाटेपास्नं एवढंच बोलालीया.
बिड्यांचा कट्टा पंचवीसाचा असतोय नव्हं."
केसपेपरवर नाव होतं: रत्नव्वा चौगले, एकसष्ट.

बीपी आहे. गोळी संपली की बंद.
साखर आहे.
तंबाखू? "छे, कधीच नाही," सून म्हणाली.
मी 'नाही' लिहिलं,
आणि गाऊन घालताना कनवटीची डबी फरशीवर पडली.
"ती मिश्री हाय. ती का तंबाखू व्हय?"
मी खाडाखोड केली.

डाव्या कुशीवर वळवलं, दिवा मालवला.
जेल गार लागली तशी शहारली,
अर्धीच.

लोकांना वाटतं पडद्यावरचं लाल म्हणजे शुद्ध, निळं अशुद्ध.
तसं नसतं.
लाल म्हणजे माझ्याकडं येणारं. निळं, निघालेलं.
झडपा नीट मिटत होत्या.
टोकाकडची भिंत मात्र हलत नव्हती,
वखारीत ओल धरलेल्या बोदासारखी बसून होती,
आणि तिथंच, रक्त रेंगाळतं त्या कोपऱ्यात,
बोराएवढी करडी गुठळी, हलकेच डुलत.
तिचाच तुकडा पहाटे वर गेला असणार.

"छातीत कधी दुखलं होतं?"
"नाही बा. गेल्या बेंदराला जळजळ झालती, सोडा पाजला.
दुसऱ्या दिवशी बसल्या की बिड्या वळायला."
बसल्या.
त्या बिड्या कुणीतरी ओढल्याही असतील.

"श्वास धरा," म्हटलं. मग, "उसिरु हिडी."
दोन्ही भाषांत तिनं तो सोडूनच दिला.

दर ठोक्याला हृदय किती रक्त पुढं ढकलतं, त्याचा हिशोब असतो.
धडक्या माणसाचा साठावर जातो.
मशीन म्हणालं तीस. परत मोजलं, अठ्ठावीस.
परत, सव्वीस.
टाईप करता करता मी पुटपुटले:
पंचवीस ते तीस.

तिनं मान वळवली.
चांगली बिडी छाटात टाकणाऱ्या मुकादमाकडं बघावं
तशी बघितली माझ्याकडं,
आणि मला दुरुस्त केलं:
पंचवीस.

मी जेल पुसली. दिवा लावला.
डाव्या हाताची बोटं चादरीची कड वळत होती,
बारीक, घट्ट.