पान सात

चौतीस वर्षं मी टिंबं खुडली.
नारायण पेठेत, छापखान्याच्या पोटमाळ्यावर,
जुन्या लेखकांच्या कागदांतून:
पांचचं एक, कांहींची दोन, केंव्हांचीही दोन.
नियम आला होता, जे उच्चारत नाही ते लिहायचं नाही.
तांदळातल्या खड्यांसारखी ती बाजूला पडायची,
मी फुंकर मारून टेबल साफ करायचो.

त्यातच नांवाचं टिंब गेलं.
तेव्हापासून माणसाचं नाव आणि नदीतली नाव
एकाच पाटावर बसतात,
कुणाचं काही अडत नाही.

निवृत्तीनंतर लिओकादिया फुर्तादो आल्या.
मूळ दिवाडी बेटावरच्या, आता कॅम्पात भाड्याने,
पोर्तुगीज शिकवणाऱ्या.
हातात पुस्तिकेचा कच्चा खर्डा,
मराठी माणसाला फसवणारे जोडशब्द.
“भाषा येत नसली तरी चालेल,” म्हणाल्या, “डोळा हवा.”
डोळा होता.

त्या वाचायच्या, मी ओळीखाली पट्टी सरकवायचो.
पाईश म्हणजे देश, पाइश म्हणजे आईबाप.
पटलं. आपल्याकडेही दिन आणि दीन
भिंतीला भिंत लावून राहतात.
अवो म्हणजे आजोबा, ओठांचा चंबू करून.
अवॉ म्हणजे आजी, तिच्यासाठी तोंड उघडायचं.
कोंसेर्तु म्हणजे मैफल,
आणि कोंसेर्तु म्हणजेच दुरुस्ती,
कानाला फरक नाही, अक्षर तेवढं वेगळं.
म्हटलं, आमच्या बोळातले पेटीवाले मोहोळकर
भाता सांधून झाला की
तासभर वाजवल्याशिवाय पेटी देत नाहीत.
बाईंनी ते समासात लिहून घेतलं.

सातवं पान नाकाचं.
पाँव म्हणजे पाव, पाव म्हणजे लाकूड.
नाँव म्हणजे नाही, नाव म्हणजे जहाज.
“नाकातून, नाकातून,” त्या सांगत होत्या,
आणि माझा हात, मला न विचारता,
लाल पेन घेऊन पुढे गेला.

तीनशे प्रती छापून आल्या.
पाव म्हणजे पाव, पाव म्हणजे लाकूड.
नाव म्हणजे नाही, नाव म्हणजे जहाज.
नियमाप्रमाणे. निर्दोष.

बाई बोलल्या नाहीत. चष्मा पुसला,
खुर्ची ओढली,
“काळी पेनं आहेत का दोन?”

तीन दुपारी आम्ही बसलो.
आधी चंद्रकोर, मग तिच्यात टिंब.
एका प्रतीत दोन.
खुडताना कधी हाताला कळलं नव्हतं,
ठेवताना मात्र मनगट भरून आलं.
“तुमची ती टिंबं,” बाईंनी विचारलं,
“खरंच कुणी उच्चारत नव्हतं?”
गुहागरची आत्या उच्चारायची.
नांव सांग रे तुझं, म्हणायची,
सगळा वारा नाकातून घेऊन.
आम्ही पोरं पोट धरून हसायचो,
तिच्या मागे तिच्यासारखं बोलून दाखवायचो.
हे मी बाईंना सांगितलं.
त्यांनी पुढची प्रत उघडली.

दोनशे नव्व्याण्णव झाल्या.
शेवटची त्यांनी तशीच पिशवीत टाकली.
का, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलो.
“एक लादी पाँव,” म्हटलं,
नीट, चंद्रकोरीसकट.
शब्बीरने मान वर केली.
“सर्दी झाली का काका?”
“नाँव,” मी म्हणालो.

“कुणाचं?” त्याने विचारलं,
आणि उधारीची वही उघडली.