अठराव्या किलोमीटरचा दगड

दारव्ह्याहून दिग्रसकडे निघालं की
अठराव्या किलोमीटरच्या दगडाशी
ती फियाट बंद पडायची.
चौसष्टचं मॉडेल, ताकाच्या रंगाची,
गुरांचे डॉक्टर बोबडे गेले तेव्हापासून
त्यांच्या मुलीकडे, नलूताईंकडे.

गावानं निदान आधीच केलं होतं:
तिथल्या मोहाखाली काहीतरी हाय, नारळ फोडा.
दिग्रसचा गॅरेजवाला म्हणाला, ऊन.
मे महिना, पेट्रोलची नळीतच वाफ होते,
पंपाला ओलं फडकं गुंडाळा.
ताईंनी दोन्ही केलं.
नारळ गोड निघाला.

मी तेव्हा वहीद मिस्त्रीच्या हाताखाली,
वय तेरा, काम पाने पुसणे आणि शिव्या खाणे.
मिस्त्री बॉनेटच्या आधी माणसाला उघडायचा.
"मंग सुरू कवा होते?"
"अर्ध्या तासानं. आपोआप."
"हिवाळ्यात?"
"तेव्हाही तसंच."
"मंग ऊन नोहे," म्हणाला,
आणि गाडी उलट्या दिशेनं, यवतमाळकडे घेतली.
तिकडेही अठरा.
"भूत काय दोन्ही रोडवर ड्युटी करते काय बे?"

प्लग काढून बॉडीला टेकवला. ठिणगी निळी.
पॉइंटच्या फटीत पोस्टकार्डाचा कोपरा सरकवला. बरोबर.
कंडेन्सर बदलला, नुसता मनाच्या समाधानासाठी.
मग कार्बोरेटरची वाटी खोलली.
कोरडी.
राखेनं घासून पालथी घातल्यासारखी कोरडी,
आणि टाकीत दहा लिटर डुचमळत होतं.

मिस्त्री रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला,
ओठांत बिडी, न पेटवलेली.
समोरच्या वावरात पऱ्हाट्यांचे ढीग.
बराच वेळ गेला.
मग उठला, गाडीच्या मागे गेला,
टाकीचं झाकण फिरवलं
आणि गाडीनं श्वास घेतला.
मी ऐकला तो.
नदीत बुडी मारलेलं पोर वर येऊन घेतं, तसा.

झाकणाला सुईएवढं भोक असतं,
जितकं पेट्रोल जाईल तितकी हवा आत यावी म्हणून.
त्यात एम-सील भरलं होतं,
अंगठ्यानं दाबून; अंगठ्याच्या रेषासुद्धा उमटलेल्या.
"हे कोन्या गाढवानं केलं?"

नलूताई मागच्या सीटकडे बघत राहिल्या.
"आईला वास सहन होत नसे शेवटी शेवटी.
नागपूरला न्यायचे बाबा, दर पंधरा दिवसांनी.
रस्त्यात चार-पाच वेळा थांबायचे,
उतरून मागे जायचे, लगेच यायचे.
मला वाटायचं, रडून येतात."

गाढव हा शब्द तिथंच डांबरावर तापत पडला.
मिस्त्रीनं ते भोक मोकळं केलं नाही.
गॅरेजात परतून भंगारातून दुसरं झाकण काढलं,
तार घालून, फुंकून पाहिलं, ते बसवलं.
जुनं पुसून ताईंच्या हातात दिलं.
पैसे पूर्ण घेतले. कंडेन्सरचेसुद्धा.

चाचणीला मी सोबत होतो.
दगड आला, मोह आला,
इंजिन एका सुरात चाललेलं
आणि ताईंनीच, सवयीनं, गाडी कडेला घेतली.
आम्ही बसून राहिलो. कुणी उतरलं नाही.
थोड्या वेळानं त्या म्हणाल्या,
"पेट्रोलचा वास येतोय रे."
मी म्हणालो, "येनच आता, ताई."