अर्धापूरला चाकू घेताना

मुंजा, चकचक बघू नको.
केळीचा चीक दोन दिवसांत
तिला काळं फासतो.

आधी उघड. कान दे.
कडी कोयंड्यात पडते तसा
एकच आवाज यायला पाहिजे, आणि मग गप्प.
आता पातं चिमटीत धर, डावीउजवीकडं हलव.
केसभर हललं तर चालंल.
दोन केस हललं, ठेव परत.
आमच्या हातात येऊन कुठलाच खिळा
आजवर आपोआप घट्ट झालेला नाही.

हे मखनसिंग टाकांचं दुकान:
चार पत्रे, एक ऐरण,
सायकलचं चाक फिरवून चालणारा भाता,
समोर रस्त्यापलीकडं केळीचा काटा.
ट्रकच्या कमानपाट्यातून पातं काढतात.
पाणी देताना कुणाशी बोलत नाहीत,
गिऱ्हाईक असो की जमादार.
मागं एकदा म्हणाले,
"लई कडक केलं की तुटतंय. मऊ ठेवलं की वाकतंय.
वाकलेलं घेऊन ये, सरळ करून देतो.
तुटलेलं दाखवूबी नको."
मी म्हणलं, आणि दोन्ही नाही झालं तर?
"तर मग चहा प्यायला ये."

व्यंकटीचा चाकू यात्रेतला.
मुठीवर वाघ, वाघाच्या डोळ्यात लाल खडा,
बटण दाबलं की सटकन बाहेर.
अख्खी टोळी हातात घेऊन बघायची.
नुसत्या फण्या कापायला तो बरा होता.
त्या पहाटे धुकं होतं, गाडी भरायची घाई,
घडाला बांधलेली नायलॉनची दोरी ओली होऊन आवळलेली.
व्यंकटीनं पातं दोरीखाली घातलं,
वर ओढलं, निघंना,
म्हणून उलटं दाबलं.
खटका सुटला.
पातं आपल्या घरी परत गेलं,
वाटेत बोट होतं.

पेर पाचोळ्यात शोधलं आम्ही, बॅटरी लावून.
धुरपतामावशीनं लुगड्याचा काठ फाडला.
वाघ तिथंच पडलेला, मिटलेला, शहाण्यासारखा.
गाडी वेळेवर गेली.

व्यंकटी आता काट्यावर वजनं लिहितो.
नवा चाकू कुणी आणला की पहिल्यांदा त्याच्याकडं जातो.
तो बघ, खोक्याच्या फळीवर कसा पाठीनं आपटतो:
मूठ वरून धरलेली, चारी बोटं पात्याच्या वाटेबाहेर.
एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा जोरात.
मिटला, तर परत देतो. काही बोलत नाही.
नाही मिटला, तरी बोलत नाही.

आणखी एक बघायचं.
मुठीच्या आत, पातं झोपतं त्या खाचेत बोट फिरव.
मागून उघडी आहे का?
बंद खाचेत माती बसते, चीक वाळतो,
मग चाकू अर्धाच मिटतो
आणि अर्धा मिटलेला चाकू
खिशात काय करतो ते पँटीला विचार.
उघडी असली तर काडीनं खरवडायचं,
रॉकेलचा एक थेंब, आणि वापर पुढं.

मूठ बाभळीची घे. पितळ ओल्या हातातून निसटतं.
टोक लई निमुळतं नको,
तू त्यानं खिळे उचकटणारच, मला माहीत आहे,
मीही उचकटतो. उचकटू नये.

मुंजानं शेवटी तो कोपऱ्यातला उचलला,
काळा, बुटका, पाठीला हातोडीचे वण.
मखनसिंगांनी पैसे मोजले नाहीत अजून.
चाकू परत मागितला,
ऐरणीवर ठेवून
खिळ्यावर एक टोला घातला, हलका,
उघडून बघितला, अजून एक.
"आता घे."

घे.
आणि मिटताना, मुंजा,
अंगठा कुठं आहे बघ.