करटी

आश्व्याच्या वाळूवरची गिऱ्हाइकं गेली,
तशी बेंतोनं अर्ध्या दाराची फळी खायला घेतली.

सगुणनं नारळाची करटी घेतली,
माडाचा काळा गूळ, ओट, कोंडा, किसलेलं गाजर
ठासून भरलं, दोन दिवस सुकवलं,
काथ्याच्या दोरीनं वाशाला टांगलं,
मान ताणल्यावरच पोचेल असं.

बेंतो जीभ लावतो. करटी पळते.
फिरून येते, कपाळावर टक्.
कान मागे. पुन्हा जीभ.
मुंग्यांनाही पत्ता लागलाय.

चौथ्या दिवशी गूळ संपला.
मी दोरी सोडायला गेलो,
सगुण म्हणाला, राहू दे.

रात्री दोनला, पहाऱ्यावर:
टक्.
मग बराच वेळ काही नाही.
टक्.
मी सुपारीचं खांड
या गालातून त्या गालात.